बारेत्तोंचा पहिला पेला

आलेइशू करवंट्यांना खोबरेल चोळत होता आणि क्लोतिल्दला मळमळत होतं.

एकूण नऊ करवंट्या होत्या. माळ्यावर जुन्या पिंपामागे तीस-पस्तीस वर्षं पडून होत्या. पालींनी त्यांत अंडी घातली होती, झुरळांनी संसार थाटले होते. क्लोतिल्दला वाटायचं, एक दिवस त्या तिथेच भुगा होऊन जातील आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. पण तिच्या धाकट्या भावाने त्या शोधून काढल्या, राखेने घासल्या, पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या आणि आता तावेर्नाच्या, म्हणजे घरच्या दारूच्या दुकानाच्या, लांब काउंटरवर ओळीने मांडून त्यांना तेल पाजत बसला होता. मधूनच एखादी उजेडात धरून बघे आणि बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवी.

"कशी चकाकते बघ, माना," तो थोरल्या बहिणीला म्हणाला. "मोठमोठे हॉटेलवाले असल्या वाट्या मुद्दाम बनवून घेतात. आपल्याकडे तर अस्सल आहेत."

अस्सल होत्या, ह्यात वादच नव्हता. क्लोतिल्द मागे गेली आणि विहिरीच्या पाण्याने तोंड धुऊन आली.

आलेइशू चौतीस वर्षं बोटीवर होता. गोऱ्या पाहुण्यांना वाकून नमस्कार करत, त्यांच्या उष्ट्या बश्या हसतमुखाने उचलत जन्म घालवला आणि दोन वर्षांपूर्वी पोट सुटलं तसा घरी परतला. तोवर तावेर्न एकट्या क्लोतिल्दने चालवलं होतं. काजूच्या हंगामात पहाटे भट्टीवर जाऊन उर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, चाखून घ्यायची ती, दारुड्यांना सायकलवर बसवून घरी धाडायची ती, आईबाप अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं हगणंमुतणं काढायची तीच. आणि आता आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा हा येऊन बसला होता. वर तिलाच शिकवत होता की पाहुणचार कशाला म्हणतात.

पाहुणचारासाठी बारेत्तोंचं नाव अख्ख्या सासष्टीत होतं. पणजोबाने घालून दिलेली रीत अशी, की दिवसाचा पहिला पेला विकायचा नाही. दार उघडल्यावर जो पहिला उंबरा ओलांडेल, मग तो पाद्री असो, पाववाला पोदेर असो की वाट चुकलेला परका असो, त्याला बसवायचं आणि स्वतःच्या हाताने पेला भरून द्यायचा. एकशे तीस वर्षांत ही रीत एकदाही चुकली नव्हती. आजोबा वारले त्या दिवशीसुद्धा शवपेटी घेऊन आलेल्या सुताराला पहिला पेला मिळाला होता. दारावर निळ्या फरशीत अक्षरं कोरून बसवली होती: 'ह्या दारातून कुणी तहानलेला परतला नाही.'

आणि ते खोटं नव्हतं. तळ्यापलीकडच्या वाड्यावरची माणसं दाराशी येतच नव्हती. ती घराला वळसा घालून, डुकरांच्या गोठ्याजवळून, मागच्या खिडकीशी येत. खिडकीखाली भिंतीत नऊ खिळे होते आणि नऊ खिळ्यांना नऊ करवंट्या. ज्याने त्याने आपली काढायची, पुढे धरायची, चिखलात उभं राहून प्यायची, विहिरीपासून लांब ठेवलेल्या बादलीत विसळायची आणि परत टांगायची. ही माणसंही त्याच इगर्जीत बाप्तिस्मा घेतलेली, त्याच रविवारी त्याच पाद्रीच्या हातून प्रसाद घेणारी. देवाचं पाणी सगळ्यांना एकाच घंगाळातलं चालत होतं, बारेत्तोंची फेणी मात्र बाटत होती.

खिडकीचं काम क्लोतिल्दकडे आलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पायने, म्हणजे तिच्या बापाने, तिचा हात धरून शिकवलं होतं. "वरून ओत, बाय. बाटलीचं तोंड लागता कामा नये." तिचा नेम चांगला होता. एक थेंब सांडत नसे. पाय गिऱ्हाइकांपुढे तिचं कौतुक करायचा आणि ती फुलून जायची. ते फुलून जाणं आठवलं की आता बासष्टाव्या वर्षी तिला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळत नसे.

पाय गेल्यावर करवंट्या तिनेच काढून माळ्यावर टाकल्या. तोवर वाड्यावरची तरणी पोरं हमरस्त्यावरच्या नव्या बारमध्ये जाऊ लागली होती. त्यांना बारेत्तोंच्या खिडकीची आणि दाराचीही गरज उरली नव्हती. उरला एक इनास. इनास सिमितेरीतला फोंडकार, म्हणजे कबरी खणणारा. बारेत्तोंच्या घरची चार माणसं त्याने हातांनी मातीआड केली होती. तो मात्र रोज संध्याकाळी इगर्जीत आंजेलच्या प्रार्थनेची घंटा झाली की खिडकीशी येऊन उभा राहायचा. क्लोतिल्द त्याला काचेच्या पेल्यात द्यायची आणि आपण बापापेक्षा बऱ्या, असं मनाशी म्हणायची. तो पेला वेगळ्या फळीवर असायचा. इनासला तोच आवडतो म्हणून, असं ती कुणी विचारलं तर सांगणार होती. कुणी विचारलं नाही. आत ये, असं ती त्याला कधी म्हणाली नाही. त्याला सवय झालीय खिडकीची, एवढ्यावर तिने तीस वर्षं भागवली.

आलेइशूचं खूळ असं होतं. दिल्लीची कसलीशी मंडळी जुन्या पाहुणचाराच्या जागा शोधत, त्यांना मानपत्रं वाटत देशभर फिरत होती. एप्रिलातल्या शनिवारी दुपारी चार वाजता ती बारेत्तोंच्या तावेर्नात येणार होती. सोबत फोटोवाले, खाण्यापिण्यावर लिहिणारे, हॉटेलांचे मालक. आलेइशूने खिडकीला पिवळा रंग फासला, खिळे नवे ठोकले, खालचा चिखल बुजवून लाल फरशी घातली. आणि गोष्ट रचली. म्हणे आपल्या आजोबांना शेतात राबणाऱ्यांची दया. चिखलाच्या पायांनी आत यायला बिचारे लाजतात म्हणून आजोबांनी त्यांच्यासाठी खास खिडकी पाडली, आणि निसर्गातली वाटी दिली. उचलली जीभ लावली टाळ्याला. बोटीवर असल्या गोष्टी सांगून बक्षिसी मिळवायची सवय, ती हाडात मुरलेली.

"लाज नाही वाटत?" क्लोतिल्दने विचारलं.

"कसली? मी वाईट काही सांगतो का?"

"तू चांगलं सांगतोयस. त्याचीच किळस येते."

आलेइशू हसला. त्याचं म्हणणं, जुनं सगळं कोण कशाला उकरतं. जे होतं ते होतं, आता ते सुंदर करून दाखवायचं, त्यात वाड्याचाही मान आहे. आणि मान म्हणून त्याने इनासला बोलावलंही होतं. स्वतः तळ्यापलीकडे जाऊन आमंत्रण देऊन आला होता. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक खिडकीशी उभं राहून करवंटीतून पिईल, बारेत्तोंची लेक वरून ओतेल, असा फोटो. फक्त येताना काष्टी नेसून ये, पँट नको, एवढं सांगितलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू ओत तुझ्या हाताने, ती म्हणाली, मी खिडकीशी उभी राहणार नाही. आलेइशू म्हणाला, बघू. बोटीवरचा माणूस, नाही म्हणणाऱ्या पाहुण्याला कसं वळवायचं ते त्याला ठाऊक होतं. पण क्लोतिल्दनेही मनाशी ठरवून टाकलं होतं. काही झालं तरी त्या म्हाताऱ्याला ह्या घरात पुन्हा हलकं पडू द्यायचं नाही. निदान आपल्या देखत नाही.

शनिवारी सकाळपासून दार बंद ठेवलं होतं, पहिल्या पेल्याचा मान मुख्य पाहुण्याला मिळावा म्हणून. पावणेचारला गाड्या आल्या. अत्तरं, काळे चष्मे, केळीच्या पानांपुढे उभं राहून फोटो काढणाऱ्या बायका. एकजण उंबऱ्याला हात लावून तो हात स्वतःच्या कपाळाला लावत होता. एकीने अंगणातल्या जुन्या गाराफांवात, त्या वेताने विणलेल्या मोठ्या बाटलीत, नाक घातलं आणि डोळे मिटून 'किती खरं' म्हणाली. आलेइशू सगळ्यांच्या मधून लोण्यासारखा फिरत होता.

दार उघडलं आणि सगळे आत यायच्या बेतात असताना इनास आला.

काष्टी नेसून नाही. तपकिरी पँट, इस्त्रीचा पांढरा सदरा, सणाच्या दिवशी घालतात ते काळे बूट. केस पाण्याने चापून बसवलेले. हातात कागदात गुंडाळलेली फणसाची फोड, कारण कुणाच्या घरी बोलावल्यावर रिकाम्या हाताने जात नाहीत. ऐंशी वर्षांत बारेत्तोंच्या घरातून त्याच्या घरी पहिल्यांदा आमंत्रण आलं होतं आणि तो ते आमंत्रण समजून आला होता. तो सरळ पुढच्या दाराशी आला आणि त्याने एक पाय उंबऱ्याकडे उचलला.

"अरे, इथून नाही," आलेइशू हसत हसत म्हणाला आणि त्याच्या खांद्याला धरून त्याला हळूच वळवलं. "मागून, मागून. खिडकीशी. आणि हे काय घालून आलास?"

इनास थांबला. त्याने आलेइशूकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. चेहऱ्यावर काही नव्हतं. खिडकीशी उभा राहायचा तेव्हा जसा असायचा तसाच तो चेहरा. मग फणसाचा पुडा ह्या हातातून त्या हातात घेत तो मागे जायला निघालाही.

क्लोतिल्दला पुढचं स्पष्ट आठवत नाही. ती लोकांना ढकलत बाहेर गेली, तिने इनासचं मनगट धरलं आणि त्याला ओढत आत आणलं. मधल्या टेबलाशी, मुख्य पाहुण्यासाठी फुलं मांडली होती तिथे, खुर्चीवर बसवलं. इनास दोनदा म्हणाला, "सोडा, बाय." तिने सोडलं नाही. नवी बाटली फोडली, पेला भरला, त्याच्या हातात दिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"आजचा पहिला पेला इनासचा. ह्या घरात तो कधी आत आला नव्हता. आम्ही येऊ दिला नव्हता."

तिला वाटलं, झालं. एकशे तीस वर्षांचं गळू फुटलं.

मग टाळ्या सुरू झाल्या.

आधी एक, मग सगळेच. काळा चष्मा कपाळावर चढवून एक बाई डोळे पुसू लागली. तीसेक फोन वर झाले. कुणीतरी इनासला म्हणालं, जरा वर बघा, आजोबा. कुणीतरी क्लोतिल्दला म्हणालं, तो हात धरून आणलंत ते पुन्हा एकदा कराल का, दारापासून. आणि आलेइशू? तो अर्धा श्वाससुद्धा अडखळला नाही. दोन्ही हात पसरून म्हणाला, हीच बारेत्तोंची परंपरा, बघा, आमच्याकडे चूक कबूल करण्यालाही पाहुणचारच म्हणतात. लोकांनी ते वाक्य लिहून घेतलं.

इनासच्या हातात पेला होता आणि सगळे त्याच्या पिण्याची वाट बघत होते. त्याने तो प्यायला. औषध पितात तसा, एका दमात. पेला टेबलावर ठेवला, तोंड पुसलं, उठला. लोकांनी त्याला वाट करून दिली आणि तो जाताना त्याच्या पाठीमागेही टाळ्या वाजवल्या. खिडकीशी निदान त्याला कुणी बघत नव्हतं, एवढंच क्लोतिल्दच्या मनात आलं. फणसाचा पुडा खुर्चीखालीच राहिला. नंतर कुणाचा तरी पाय त्यावर पडला आणि त्याचा चिकट वास रात्रीपर्यंत जाईना.

मानपत्र मिळालं. आलेइशूने ते गल्ल्यामागे टांगलं आणि बहिणीच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "माना, मला आधी सांगितलं असतंस तर आपण नीट तालीमच केली असती." तिने त्याचा हात झटकला. त्याच्या हाताचा, तेलाचा, त्याच्या हसण्याचा, सगळ्याचा तिला वीट आला होता. पण रविवारी इगर्जीत बसली असता तिला कळून चुकलं की आलेइशूवर चिडून आपण फक्त वेळ काढतोय. हात तिने धरला होता. खुर्चीवर तिने बसवलं होतं. सोडा म्हटलं तेव्हा सोडलं नव्हतं तिने.

इनास तीन दिवस खिडकीशी आला नाही. गावात म्हणाले, त्याच दिवसांत त्याने एक कबर खणली, म्हणजे तब्येत ठीक होती.

बुधवारी सकाळी इगर्जीतल्या मिसनंतर क्लोतिल्द घरी न जाता तळ्याच्या बांधावरून पलीकडे गेली. सहा दशकं त्या वाड्याकडे ती लांबून बघत आली होती, पाऊल टाकलं नव्हतं. माफी मागायची होती, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त हवं होतं. इनासच्या तोंडून तिला ऐकायचं होतं की तुम्ही त्यांच्यातल्या नाही, बाय. तुमच्या बापासारख्या नाही, भावासारख्या नाही. ते एकदा त्याने म्हटलं की मग उरलेलं आयुष्य स्वतःच्या हातांकडे बघता येईल, असं तिला वाटत होतं. वाक्यं ती वाटेत जुळवत आली होती.

घर लहान, शेणाने सारवलेलं अंगण, आत फरशी. इनासच्या सुनेने, कुस्तोदने, तिला बांधावरून येताना पाहिलं असावं, कारण खुर्ची बाहेर आली होती आणि तिच्यावर धुतलेला टॉवेल घातला होता. इनास कोयत्याला धार लावत होता. तो ठेवून उठला.

"या, बाय. उन्हाच्या आलात."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं. तिने लगेच सुरुवात केली, "इनास, शनिवारी जे झालं ते," आणि त्याने हात वर करून तिला थांबवलं.

"ते मग बोलू. आधी काहीतरी घ्या. आमच्याकडे आलाय तुम्ही."

कुस्तोदने बशीत उकडलेले चणे आणले आणि पेला आणला. कपाटातला, गुलाबी फुलांचा, लग्नात आलेल्या सहाच्या संचातला. उर्राक, लिंबू, उभी चिरलेली मिरची, वर विहिरीचं गार पाणी. इनास पायरीवर बसला आणि सांगू लागला की उर्राक भावाच्या भट्टीवरची आहे, यंदा काजूला मोहोर उशिरा आला म्हणून गोडी जास्त. शनिवारी सदऱ्याला इस्त्री मीच केली होती, ही कुस्तोद म्हणत होती मी करते, पण मी म्हटलं बारेत्तोंकडे जायचं तर माझी मीच करीन. हे त्याने हसून सांगितलं. क्लोतिल्दही हसली. तिने पेला उचलला आणि प्यायली. उर्राक खरंच चांगली होती. तिला वाटलं, आता बोलावं, आता सगळं नीट होईल.

बोलायला तिने तोंड उघडलं तेव्हा कुस्तोद तिच्या हाताकडे बघत होती.

क्लोतिल्दने खाली पाहिलं. डाव्या हातात मिसला नेलेला पांढरा रुमाल होता. त्याचं एक टोक बोटाभोवती गुंडाळलेलं, ओलसर. पेल्याची कड तिने पुसली होती. गोल, पूर्ण, प्यायच्या आधी. केव्हा, तिला आठवत नव्हतं. इनास इस्त्रीचं सांगत होता तेव्हाच असणार.

"धुतलेला आहे तो," कुस्तोद म्हणाली. हळू आवाजात, समजावल्यासारखं. "सकाळी धुतला होता. तुम्ही येताना दिसलात तेव्हा पुन्हा धुतला."

क्लोतिल्दने रुमाल मुठीत दाबला. काहीतरी म्हणायला हवं होतं, उन्हाने घाम आला होता, बोटं चिकट होती, काहीही.

इनास अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होता. "राहू दे गो," तो सुनेला म्हणाला. "त्यांना कळलंही नसेल."

मग तो तिच्याकडे वळला, चण्यांची बशी त्याने तिच्या बाजूला सरकवली आणि आदराने विचारलं, "हं, काय सांगत होतात, बाय?"

तिला शिसारी आली, आणि ती ज्याच्यावर काढावी तो आलेइशू तिथे नव्हता.